रफूकाकींच्या गाद्या

पांढऱ्या पोशाखातली माणसं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरली त्या दिवशी भट्टीमास्तर हौसेनं मदतीला पुढे झाले, आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांना त्यांच्याच खोलीतून बाहेर काढलं गेलं.

भट्टीमास्तर काही खरे मास्तर नव्हेत. मुशी लालभडक होईपर्यंत तापवायची जी विजेची भट्टी असते, तिच्यावर त्यांची नेमणूक होती. कॉलेजातली पोरं थट्टेनं मास्तर म्हणायला लागली आणि यांनी ती थट्टा बिनतक्रार ठेवून घेतली. माणूस कमरेत वाकला, निवृत्ती तोंडावर आली, तरी भट्टीचं दार उघडण्याआधी प्राध्यापकासारखं घसा खाकरणं काही सुटलं नव्हतं. अलीकडे मात्र घरी बायको खाकरायला लागल्यापासून त्यांनी ते कमी केलं होतं.

विभागाच्या नव्या मॅडमनी जुनं सामान हलवायचं मनावर घेतलं होतं. मध्ये पांढरा गोल असलेल्या तारेच्या जाळ्या, ओव्हनच्या दारात बसवलेली जाड दोरी, टेबलांवरचे राखाडी तक्ते, भट्टीचे हातमोजे. सगळ्यात ॲस्बेस्टॉस. विस्तव त्याचं काही वाकडं करू शकत नाही म्हणून एके काळी त्याचं कोण कौतुक. आता कळलं होतं, की त्याचा डोळ्याला न दिसणारा तंतू छातीत गेला, की तो तिथं वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग एक दिवस बोलायला लागतो. तसा कागदही भिंतीवर लागला होता. मास्तरांनी तो स्वतःच चिकटवला होता. पण भिंतीवरची सूचना दुसऱ्यांसाठी असते, हे ती चिकटवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

त्या माणसांचा मुकादम तोंडावर मुखवटा लावून होता, त्यामुळे त्याचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं यायचं. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तो तिच्यावर पाणी फवारायचा. मास्तर दाराच्या काचेतून बघत होते. हे म्हणजे पाहुण्याला आधी आंघोळ घालून मग घराबाहेर काढण्यातला प्रकार, असं ते शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला म्हणालेसुद्धा. शिपाई हसला. मग मुकादमानं खुंटीवरचे हातमोजे चिमट्यानं उचलले, पिशवीत घातले, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि तोंड बांधलं. पिशवी पारदर्शक होती. मोज्याच्या अंगठ्यावर तपकिरी धाग्याचे बारीक टाके काचेपलीकडूनही ओळखू येत होते.

मास्तरांचं हसू तिथंच राहिलं. ते टाके त्यांच्या बायकोचे होते.

त्याचं असं झालं होतं. मॅडमच्या आधीचे थोरले सर म्हणजे काटकसरीचा पुतळा. फाटलं म्हणून टाकायचं असतं तर आपण सगळे कधीच टाकले गेलो असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. भट्टीचे हातमोजे कोपरापर्यंत लांब, जाड, आणि बोटांशी विरायचे. सर नवे मागवायचे नाहीत. तेव्हा मास्तर ते घरी न्यायचे आणि बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून, सुटलेले तंतू झटकून, रफू करून द्यायची. सर विभागात मोजा उंच धरून दाखवायचे आणि म्हणायचे, याला म्हणतात संसार. त्या एका वाक्यावर नवरा-बायको दोघंही फुगायची. तिचं नाव रफूकाकी पडलं ते तेव्हापासून.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. पण मोज्याचे तळवे जळून गेले तरी कोपराकडचा भाग धडधाकट राहतो, आणि धडधाकट वस्तू टाकणं काकींच्या रक्तात नव्हतं. त्या भागाचे चौकोन कापून, वर फुलाफुलांच्या कापडाची खोळ घालून त्यांनी गरम भांडं धरायच्या गाद्या केल्या. चुलीवरून उतरवलेला तवा नुसता हातात धरून गप्पा मारा, चटका म्हणून लागायचा नाही. लग्न झालं, द्या गादी. कुणी नवं घर घेतलं, द्या गादी. कुणी आजारातून उठलं, द्या. काकींची गादी नाही असं स्वयंपाकघर त्या गल्लीत शोधून सापडलं नसतं.

आणि देणारा माणूस दिलेलं विसरतो असं म्हणतात, ते देणाऱ्यांनीच पसरवलेलं आहे. काकी कुणाकडे गेल्या की त्यांची नजर आधी शेगडीशेजारच्या खिळ्याकडे जायची. गादी तिथं लटकलेली दिसली तर दुसरा कप चहा घ्यायच्या. नाही दिसली तर पहिलाच अर्धा ठेवायच्या. त्यांच्या मनातल्या हिशेबात सगळी गल्ली त्यांची देणेकरी होती, आणि त्या हिशेबावर त्या सुखानं जगत होत्या.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांना धाप लागत होती. छातीत पाणी झालं होतं. काढलं, परत झालं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, कधी कारखान्यात, गोदीत, बांधकामावर काम केलंय का. काकी हसून म्हणाल्या होत्या, मी कुठली, मी घर सोडून कुठे गेले नाही. बाजूला बसलेल्या मास्तरांनी मान हलवली होती. तेव्हा त्यांना खरंच काही सुचलं नव्हतं.

आता सुचलं. ते एकटेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. हो, म्हणाले, हे जुळतं. मास्तरांनी विचारलं की तिला सांगून औषधात काही फरक पडेल का. डॉक्टर म्हणाले नाही, या दुखण्यात कशानंच फार फरक पडत नाही. मास्तरांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग डॉक्टर म्हणाले, "त्यांना सांगून फरक नाही पडायचा. पण त्या वस्तू अजून कुणाच्या घरात असतील, तर त्यांना सांगून पडेल."

तिथून मास्तर मॅडमकडे गेले. मॅडम चांगल्या होत्या, आणि चांगली माणसं अडचणीत सापडली की आधी दार लावून घेतात. दार लावून त्या म्हणाल्या की सामान उचलायचं कंत्राट फक्त इमारतीतल्या वस्तूंचं आहे, बाहेरचं काही घेता येत नाही. पण मुकादमाची गाडी शनिवारी निघते, त्याच्या आत काका तुम्ही जे काही आणून कोपऱ्यात ठेवाल ते मी बघितलं नाही असं समजेन. मग जरा थांबून त्यांनी काकींची चौकशी केली. त्या याच विभागात शिकलेल्या, त्यांच्या स्वतःच्या लग्नातही एक गादी आली होती. ती कुठे आहे ते त्यांना आठवेना, आणि आठवेना म्हणताना त्यांचा हात नकळत छातीशी गेला.

मास्तरांनी गल्ली धुंडाळायला सुरुवात केली. खरं सांगायचं धाडस नव्हतं. त्यांनी थाप तयार केली: हिला बरं वाटतंय, जुन्या गाद्यांना नव्या खोळी घालायच्या म्हणते. लोकांना कोण आनंद झाला. पाववाल्याच्या बायकोनं स्वच्छ धुऊन, वर इस्त्री मारून दिली. निवृत्त पोस्टमननं मधोमध भोक पडलेली दिली आणि म्हणाला, सावकाश होऊ दे, घाई नाही. एकीनं तर खोळीसाठी आपल्या आवडीचं कापडही सोबत बांधलं. मास्तर प्रत्येक गादी ओल्या फडक्यात गुंडाळत, पिशवीत घालत. लोकांना वाटे, काय जपतो हा माणूस बायकोच्या हातचं.

फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीनं दिली नाही. ताई म्हणजे तोंडानं फटकळ, हातानं आखडती, आणि भावजयीशी तिचं कधी धड जमलेलं नव्हतं. ती म्हणाली, तुझ्या बायकोनं मला जन्मात दिलेली ही एकच वस्तू, तीही परत मागायला आलास? नवी खोळ तिलाच घाल म्हणावं. आणि दार लावून घेतलं.

मास्तर भरलेली पिशवी मागच्या गॅलरीत ठेवत होते, तिथंच घात झाला. काकी भिंतीला धरून धरून पाण्यासाठी उठल्या आणि त्यांनी ती पाहिली. पिशवीच्या तोंडाशी ओल्या फडक्यातून पाववाल्याच्या घरचं निळं फूल डोकावत होतं. ते कापड त्यांनीच निवडलं होतं. त्यांनी वाकून आणखी दोन-चार चाळवल्या, प्रत्येकीचं घर ओळखलं, आणि हळूहळू खुर्चीत बसल्या.

"परत दिल्या होय सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "माझं दुखणं लागेल म्हणून."

आता इथं खरं बोलायची जागा होती. कुणीही सांगेल. पण मास्तरांनी तोलून पाहिलं. लोक वाईट निघाले, हे दुःख एका पारड्यात. आपल्या हातचं विष होतं आणि ते नवऱ्यानं आणून दिलं, हे दुसऱ्यात. पहिलं हलकं वाटलं. शिवाय त्यात त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. ते गप्प बसले, आणि गप्प बसण्याला काकींनी होकार मानलं.

त्या दिवसापासून काकींनी माणसं तोडली. पाववाल्याची बायको सूप घेऊन आली, तिला दारातून परत पाठवलं. पोस्टमन आला, त्याला झोपलेय म्हणून सांगायला लावलं. ज्यांनी प्रेमानं गाद्या धुऊन दिल्या होत्या त्यांच्या नावानं त्या भिंतीकडे तोंड करून बोटं मोडत. मास्तर खोलीभर वावरत, उशी सारखी करत, आणि मधेच म्हणत, जाऊ दे गं.

लेकीकडची गादी राहिली होती. लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. मास्तर गेले तेव्हा ती कामात होती, नात जमिनीवर बसली होती. शेगडीजवळ गादी नव्हती. विचारलं तर लेक म्हणाली, अहो बाबा, ती कधीच हिनं पळवली, बाहुलीला अंथरूण म्हणून. मास्तरांनी खाली बघितलं. बाहुली गादीवर निजली होती. खोळीची एक बाजू उसवलेली, आणि नात त्यातल्या विरलेल्या मोज्याचा राखाडी कापूस बोटानं ओढून बाहुलीच्या डोक्याखाली उशी करत होती. तोंडाशी नेऊन फुंकर मारली की तो उडतो, हे तिनं आजोबांना कौतुकानं करून दाखवलं.

तेव्हा मास्तरांना थाप आठवली नाही. त्यांनी पोरीला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं, पाणी आणलं, गादी भिजवली आणि लेकीला सगळं सांगितलं. तिनं रडारड केली नाही. तिनं पोरीचे हात धुतले, केस धुतले, कपडे बदलले, परत हात धुतले. मग म्हणाली:

"आईला वाटतंय लोक तिला वाळीत टाकतायत. आणि तुम्ही वाटू दिलंत?"

"तिला बरं वाटावं म्हणून."

"तिला की तुम्हाला? आज तुम्ही सांगा, बाबा. नाहीतर उद्या मी सांगते, आणि मी सांगेन ते तुम्हाला ऐकवणार नाही."

डॉक्टरांनी नातीला तपासून काही नाही म्हणून सांगितलं. लेकीचा जीव भांड्यात पडायच्या आतच ते पुढे म्हणाले, एवढ्यात काही दिसतही नसतं. कदाचित कधीच काही होणार नाही. ती मोठी होईल, तिचं लग्न होईल, तिचे केस पिकायला लागतील, तेव्हा कळेल. लेकीनं विचारलं, तोवर काय करायचं. डॉक्टर म्हणाले, तोवर काहीच करायचं नसतं. यावर फी मात्र त्यांनी घेतली नाही, एवढी नोंद त्यांच्या बाजूनं करायला हवी.

मास्तरांनी काकींना सांगितलं ते दुपारी, जेवणाची ताटं तशीच पुढ्यात असताना. मोज्यांपासून सुरू केलं आणि नातीच्या बाहुलीपर्यंत आले. काही गाळलं नाही. गाळायची सवय असलेल्या माणसाला ते किती जड जातं, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. काकी बराच वेळ टेबलाच्या लाकडावरून हात फिरवत राहिल्या. याच टेबलावर त्या मोज्यांचे तंतू झटकायच्या.

"तुम्ही आणलेत, मी शिवले," शेवटी त्या म्हणाल्या. "निम्मं निम्मं."

यापेक्षा मास्तरांना शिव्या चालल्या असत्या.

त्यानंतर त्यांनी मास्तरांना जवळ बसवलं आणि श्वास पुरेल तसं सांगायला लागल्या, कुणाकुणाला दिल्या होत्या ते. कुणाला विसरल्या नव्हत्या. मुकादमाची गाडी शनिवारी निघून गेली होती. पिशवी तीत चढली होती. पण त्या पिशवीत जेवढ्या होत्या त्यांच्या कितीतरी पट नावं आता निघत होती. घर विकून गेलेले. परदेशी गेलेले. मेलेले, ज्यांचं सामान कुठे गेलं देव जाणे. अनाथाश्रमाच्या स्वयंपाकघराला दिलेलं अख्खं गाठोडं. तो आश्रम कधीच बंद पडला होता, आणि त्यातली मुलं आता कुठे कुठे भांडी उतरवत असतील, कुणी सांगावं. मास्तर हो हो म्हणत गेले.

मग काकींनी गल्लीला बोलावणं धाडलं. मी सांगणार, माझ्या तोंडानं, म्हणाल्या. पाववाल्याची बायको आली, पोस्टमन आला, बाकीच्या आल्या. काकींनी प्रत्येकाची माफी मागितली. लोक सज्जन होते. हात हातात घेतला, तुम्हाला काय माहीत, म्हणाले, डोळे पुसले. आणि घरी जाऊन आपापल्या छातीला कान लावून बसले. पाववाल्याच्या बायकोला तिसऱ्याच दिवशी खोकला झाला. तिला तो दर वर्षीच व्हायचा, पण आता त्याला काकींचं नाव होतं. पोस्टमन लांबून हात करायचा. सूप यायचं बंद झालं. काकींनी आधी जे उगाच मनात घेतलं होतं ते आता खरोखर घडत होतं, आणि आता त्यांना कुणाला नावं ठेवायची सोय राहिली नव्हती.

येत राहिली ती एकटी नणंद. हातात तीच गादी, तिच्यात धरलेलं गरम पातेलं. मास्तरांनी ती काढून घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा ताई म्हणाली, "ते तुझं जे काही आहे ते उगवायला तीस-चाळीस वर्षं लागतात ना? मग मला कशाला भीती दाखवतोस? मी एवढी मुदत कुणाकडून लिहून घेतलेली नाही."

"वन्सं, द्या हो ती," काकी म्हणाल्या.

"देणार नाही. आयुष्यभर टोचत होतीस, खिळ्यावर दिसत नाही म्हणून. आता लावलीय खिळ्यावर, तर सोसत नाही."

काकी हसल्या. हसण्याचा खोकला झाला, आणि नणंदेनं पाठ चोळली. भावजयीच्या पाठीला तिचा हात लागायची ही पहिलीच वेळ असावी. कारण किती जोरानं चोळायचं ते तिला कळत नव्हतं.

लेक फोन करायची, रोज. पण नातीला आणत नव्हती. त्या घराच्या फरशांच्या भेगांत काय काय आहे कुणास ठाऊक, असं ती म्हणाली नाही. पोरीची परीक्षा आहे म्हणाली. बालवाडीत परीक्षा नसते हे काकींना माहीत होतं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, नकोच आणूस. नात फोनवर आली, आणि आजीला सांगितलं की बाहुली आता जमिनीवर झोपते, तिला थंडी वाजते, तू नवी करून दे. आजी म्हणाली देते.

नणंदेनं नवा कापूस आणला. नवं कापडही. सुईत दोरा तिनंच ओवून दिला. एक टाका घातला की थांबायचं, दम खायचा. आठवडा गेला त्या वीतभर गादीला. झाली तेव्हा मास्तरांनी ती कागदात गुंडाळली आणि लेकीकडे निघाले.

लेकीनं दार उघडलं, पण पूर्ण नाही. गादी उलटसुलट करून बघितली. छान झालीय, म्हणाली. मग विचारलं:

"कुठे बसून शिवली?"

"तिथंच," मास्तर म्हणाले. "टेबलाशी."

लेक आत गेली आणि दोन पिशव्या घेऊन आली. हातात गादी असल्यानं तिला जमेना, तेव्हा मास्तरांनीच पहिल्या पिशवीचं तोंड उघडून धरलं. तिनं गादी आत सोडली. मग दुसऱ्या पिशवीचंही धरलं. आतून नातीचा आवाज येत होता, कोण आलंय म्हणून विचारत होती. लेक म्हणाली, कुणी नाही गं. मास्तरांनी मान डोलावली, पिशवी घेतली आणि जिना उतरून कचऱ्याच्या पेटीत टाकली.

घरी काकी उशांना टेकून वाट बघत होत्या. नणंद पायाशी बसली होती. आवडली का, काकींनी विचारलं. मास्तर म्हणाले आवडली. बाहुलीला पुरली का. पुरली, म्हणाले, बरोबर झालीय. नणंदेनं भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

"बाहुलीला वेगळी उशी नाही ना?" काकींनी विचारलं.

"नाही."

"मग वन्सं, तो उरलेला कापूस द्या इकडे," काकी म्हणाल्या, आणि चाचपून सुई शोधायला लागल्या.